हात वर

आमच्या शाळेची ऊब
बेचाळीस मैलांवरून येते.
बॉयलर इथलाच, तळघरातला,
माजावरच्या म्हशीसारखा धुसफुसणारा,
पण त्यानं कधी पेटायचं ते ठरवतो
जिल्हा कार्यालयातला एक संगणक,
ज्याला आमची उत्तरेची खिडकी ठाऊक नाही.

म्हणून लुसियन थिबो,
शाळेचा शिपाई, प्लंबर, सगळंच,
पहाटे सहाला
गोठलेल्या मटारची पिशवी मोज्यात घालून
भिंतीवरच्या सेन्सरला बांधतो.
संगणकाला हुडहुडी भरते.
बॉयलर पेटतो.
आठ वाजता पोरं कोट काढतात,
मटार परत फ्रीजरमध्ये.
अकरा वर्षं चाललाय हा कारभार.

मला कळलं, कारण तो दुकानात मलम मागायला आला
आणि औषध देणाऱ्या बाईनं विचारावंच लागतं,
बोटं अशी का झाली म्हणून.

त्याच वर्षी तिसरीच्या मुलांनी
आवारातल्या मेपलला बादली लावली.
पत्र आलं: झाड मालमत्ता विभागाचं.
रसाबद्दल नियम नाही,
सबब परवानगीही नाही.
बादली निघाली. भोक राहिलं.
झाड आठवडाभर ठिबकत होतं
कुणाच्याही मालकीचं नसलेलं गोड पाणी.

मार्चचा पहिला मंगळवार.
व्हरमाँटच्या चिखलाचे बूट दारात,
जिममध्ये घडीच्या खुर्च्या,
मागे राजम्याचं पातेलं.
ठराव एवढाच:
शाळेचा खर्च, किल्ल्या, डबा, झाड
गावानं परत घ्यायचं का?

वेंडेल प्रॅट म्हणाला, रस्त्यातला एक खड्डा
आपल्याला तीन वर्षांत बुजवता आला नाही.
लोक हसले. तो हसला नाही.

मग इंग्रिड सॉयर उठली.
तिच्या मुलाला कमी ऐकू येतं.
म्हणाली, त्याची शिक्षिका जिल्ह्यानं पाठवली.
त्याआधी दोन वर्षं मी इथेच,
ह्याच जिममध्ये मागत होते.
तुम्ही म्हणायचात, बघू.
तिनं नावं घेतली नाहीत.
घ्यायची गरज नव्हती.
पातेल्याखालचा गॅस तेवढा ऐकू येत होता.

माझ्या भाषेत हात वर करणं म्हणजे
मला काही विचारू नका,
माझा ह्यात संबंध नाही.
वीस वर्षं मी ह्या गावात
त्याच अर्थानं हात वर करून होते.
परकी आहे, बाई, गोळ्या मोजते,
तुमचं तुम्ही बघा.

त्या दिवशी केला तो दुसरा हात.
करताना खांदा दुखला, खरंच.
एक्याण्णव विरुद्ध चौऱ्याऐंशी.
इंग्रिडचा हात मांडीवरच होता.

आणि ज्यानं हात वर केला
त्यालाच समितीवर घेतात,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर. किल्ली माझ्या पर्समध्ये,
औषधांच्या कपाटाच्या किल्लीशेजारी.
स्वयंपाकघरात पसरलेला जमाखर्च,
इंग्रिड समोर, पेन तिच्या हातात.
आम्ही तिला बोलावलं नव्हतं,
ती आली.
अडुसष्ट अंश की सहासष्ट?
ह्या दोन अंशांत
कानाच्या शिक्षिकेचे आठवड्याचे चार तास बसतात.
दोनदा बेरीज केली. बसतात.
आता रागवायला
बेचाळीस मैलांवर कुणी नव्हतं.

लुसियन दारात उभा राहून विचारत होता,
किती ठेवू?
सहासष्ट, मी म्हटलं.
आणि पोरांना स्वेटर घालून पाठवा म्हणून
चिठ्ठी लिहिली, माझ्या सहीनं.
त्यानं मान हलवली, टोपी घातली,
चांगला निर्णय आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेऊन
लवकरच गेले शाळेत.
सेन्सरला मोजा होता.