चाळीस ग्रॅम

गावात चांगलं जेवण कुठं मिळतं
हे गावाला विचारू नये.
गाव घरी जेवतं.
लॉजवाला सांगतो ते त्याच्या मेव्हण्याचं हॉटेल,
बाहेर लाल-पिवळे दिवे, आत पनीर,
आणि एकच रस्सा तीन नावांनी.
विचारावं बदलीवर आलेल्या माणसाला.

जतमध्ये मला पोस्टातला डोंगरवार भेटला,
भंडाऱ्याकडचा, तीन वर्षं एकटा.
डाळिंबाच्या वखारीतले काटे दुरुस्त करायला
पुण्याहून आलोय म्हटल्यावर
त्यानं आधी मला नीट न्याहाळलं,
स्थळ बघतात तसं,
मग खिडकी बंद केली,
सुट्टी व्हायला बारा मिनिटं होती तरी.

स्टँडच्या मागं, पिठाच्या गिरणीला वळसा घालून
एक दार. पाटी नाही.
दाराशी चपलांचे जोड मोजायचे,
अकरा झाले असतील तर लिंबाखाली थांबायचं.
त्या दिवशी नऊ होते.
आत निंगव्वा, आणि तिची सून,
भाकरी थापता थापता कन्नडमधून
कुणाला तरी झोडपत होती,
बहुतेक सरपणवाल्याला.

ताटाचं काय सांगू.
कडक भाकरी, मोडली की आवाज देते.
वांगं देठासकट, तेलात निवांत पडलेलं.
मेथी कच्चीच, पाणी निथळत असलेली.
आणि शेंगांची चटणी, उखळात
तेल सुटेपर्यंत कुटलेली.
मी चार भाकऱ्या खाल्ल्या. घरी दोन खातो.
डोंगरवार म्हणाला, पहिल्या महिन्यात मी
रोज रात्री राजीनामा लिहायचो.
पुढचं बोलला नाही,
ताक वाढायला वाटी पुढं केली.

निघताना पाव किलो चटणी मागितली.
तिनं तराजू उचलला
आणि माझा डोळा गेलाच.
वजनाच्या पारड्याला खालून जस्ताचं ठिगळ,
कधीतरी भोक पडलं असणार, कुणीतरी डाग दिलेला.
मावशी, म्हटलं, हा काटा खोटा आहे,
चाळीस ग्रॅम जास्त जातंय तुमच्याकडून, दर खेपेला.
दहा मिनिटं द्या. पैसे नकोत.

तिनं पुडी बांधली, दोरा दातानं तोडला.
"ठावं हाय की मला. सोळा वर्सं झाली.
आता नीट केलास तर गाव म्हणंल,
निंगव्वानं माप कमी केलं."

सुनेचे हात तेवढ्यापुरते थांबले, मग पुन्हा थापणं सुरू.
अशा काट्याचं काय करायचं
ते मला नियमासकट पाठ आहे.
मी पान्हा पिशवीत ठेवला,
पिशवीची चेन लावली,
आणि उगाच, लागू नये तेवढा वेळ लावला.

घरी आल्यावर पुडी डिजिटलवर ठेवली.
दोनशे अठ्ठ्याऐंशी.
दोन ग्रॅम कुठं गेले म्हणून
रात्री बराच वेळ हिशेब केला,
मग आठवलं, विट्याच्या अलीकडं एसटीत
कोपरा सोडून चिमूटभर तोंडात टाकली होती.

सकाळी हिनं भाकरीला लावून खाल्ली,
परत घेतली, मग विचारलं,
कुठलं हो हॉटेल?
दिवाळीनंतर आपण सगळे जाऊ या का गाडी करून?

मी मनातल्या मनात
त्या दाराशी जोड मोजले,
आपले पाच धरून.