आदेशानुसार व नावाने

शिक्का उलटा कोरतात.
लग्न होऊन इतवारीत आले
तेव्हा सासऱ्यांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट.
दुसरी : फुंकर मारायची नाही,
पितळेचा कीस डोळ्यात जातो.

नथ्थुजी खरवडे बसायचे खिडकीपाशी,
भिंग डोळ्याला, जीभ दातांत,
बोलायचे ते कामाकडे बघतच.
"आपल्या घराण्यानं साऱ्या राजांचे शिक्के कोरले, सूनबाई."
कुठे लिहिलंय?
"कागद त्याईच्यापाशी. आपल्यापाशी फक्त कीस."

देवगडचा राजा गडावरून खाली उतरला,
बारा पाडे जोडून त्यानं शहर वसवलं.
नदी त्याची, जंगल त्याचं, घोडा त्याचा,
मुद्रेवर नाव दिल्लीच्या बादशहाचं.
मग भोसले.
बंगालपर्यंत टापा वाजवून यायचे,
लूट महालात, नगारा महालात,
नाव साताऱ्याच्या छत्रपतींचं.
मग बर्डीच्या टेकडीवर तोफा वाजल्या
आणि छत्तीस वर्षांनी एक साहेब म्हणाला, वारस नाही.
राण्या म्हणाल्या, दत्तक घेतलाय.
पण 'वारस नाही' हेसुद्धा कुणीतरी
कुठेतरी उलटं कोरलं असणार,
त्याशिवाय ते इतकं सुलटं उमटलं नसतं.
हत्ती लिलावात गेले.
शिक्क्यावर आधी कंपनी,
नंतर सात समुद्रांपलीकडची एक बाई
जिनं ही गल्ली कधी पाहिली नाही.

"सोताच्या नावानं कोणीच राज्य करत नाही बाप्पा,"
सासरे म्हणायचे,
"सोताच्या नावानं फक्त चोरी होते.
राज्याले दुसऱ्याचं नाव लागते."

एकदा त्यांचाही हात चुकला.
तहसीलचा शिक्का. 'र' सुलटाच कोरला गेला,
म्हणून कागदावर उलटा उमटायचा.
अकरा वर्षं चालला.
त्या पाठमोऱ्या 'र'खाली
वावरं इकडची तिकडे झाली,
एक गाव तलावासाठी उठलं,
दोन भाऊ कोर्टात म्हातारे झाले.
कुणी म्हणालं नाही, 'र' चुकलाय.
ते मात्र मध्यरात्री उठून बसायचे.

आता डिसेंबर. हिवाळी अधिवेशन.
रस्त्यांवर बांबू, बांबूंवर चेहरे,
टेकडी रोडवर अडवलेले मोर्चे,
आणि मुंबईहून आलेले कुणी घाग, कक्ष अधिकारी,
नव्या स्वेटरची घडीसुद्धा मोडलेली नाही.
अठरा शिक्के. सकाळी आठला.
प्रत्येकात एकच ओळ :
आदेशानुसार व नावाने.
आता उलटं करायला एक बटन आहे,
जीभ चावावी लागत नाही.

छाप बघायला कोरा कागद सापडला नाही
म्हणून तळहातावर मारला.
त्याच हातानं रात्री कणीक मळली.
'आदेशानुसार' गेलं,
'नावाने' तेवढं राहिलं, जांभळं.

जुन्या पत्रांच्या शेवटी, सासरे सांगत,
एक बारका शिक्का असायचा : लेखनसीमा.
हुकूम इथं संपला.
याच्या खाली कुणी ओळ घालायची नाही.
मोठा शिक्का मिरवायला.
हा बारका, राखण करायला.
शेजारची भांडी विकणारी यमुताई म्हणते,
आमच्या घरी असा होता, पण तोंडानं वाजायचा.

घागसाहेबांनी अठरा मोजून घेतले,
वीस रुपये कमी केले,
निघता निघता थांबले :
बिलावर शिक्का पाहिजे, त्याशिवाय पास होत नाही.
ड्रॉवर उघडला. धूळ होती,
फुंकर मारली.
नथ्थुजी खरवडे अँड सन्स.

सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.
सन्सपैकी एक पुण्याला,
दुसरा समोर भिंतीवर, हार घालून.
मी शिक्क्याखाली सही केली,
तिच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, 'करिता'.
साहेब म्हणाले, हां, आता बरोबर.