बादली क्रमांक सात

महिन्यातून एकदा शार्ने अपॉलिस शिडी लावते
आणि खांबावरची बादली उतरवते.
खांब तिच्या मावशीच्याच अंगणात आहे,
हे कागदावर कुठे आलेलं नाही.
कोणी विचारलंही नाही.

निम्मं पाणी, तळाशी तांबडा साका,
वर तरंगणारं एक पीस आणि पतंग.

उपसागरापलीकडे साल्डान्हाचा धक्का.
पट्टा फिरतो, लोहखनिज चढतं, जहाज
हळूहळू खाली बसतं
पोटभर जेवलेल्या माणसासारखं.
ढिगांवर फवारे, दिवसरात्र.
इकडे गावात मात्र बागेला नळी लावलीत तर दंड.
मावशी म्हणते, पुढच्या जन्मी ढीग होईन.

आग्नेयेचा वारा सुटला
की फवाऱ्यांचं पाणी एकीकडे, ढीग दुसरीकडे.
दोरीवरचे शाळेचे सदरे संध्याकाळी गुलाबी होतात.
वारा बघून धुणं घालावं,
हे इथल्या पोरी अक्षरओळखीआधी शिकतात.

'किती चालते म्हणे?' मावशी विचारते.
चौरस मीटरला, दिवसाला, सहाशे मिलिग्रॅम.
मावशी हवेतच चिमूट धरते: 'एवढी?'
थोडी कमी.
'एवढी, रोज?'
सरासरी, मावशी. महिन्याची.
'आणि त्या मंगळवारी आली ती?
सिंकमधल्या बश्या, बाळाचे कान?'
मंगळवार तीस दिवसांत वाटला जातो,
वाटून वाटून
कुणाच्याच वाट्याला येत नाही.

परवान्याच्या सुनावणीला चर्चचा हॉल भरला होता.
चहा, आल्याची बिस्किटं, पडद्यावर आलेख.
बंदराचे रॅडेमेयर भले गृहस्थ,
त्यांची स्वतःची गाडीही तांबडीच,
मुळात कुठल्या रंगाची होती ते विसरलेत.
डोळ्यांत धूळ कोणी फेकत नव्हतं,
ती आपली आपण येत होती.
मागच्या रांगेत क्लाइव्ह, मावशीचा धाकटा,
पट्ट्यावर रात्रपाळी करणारा,
एकदा उठला आणि टोपी उचलून परत बसला.
घरचं वीजबिल तो भरतो.

गल्लीतली घरं एकेक करून विटकरी झाली.
रंगाच्या दुकानात त्या छटेचं नाव 'वाळवंटी सांज' आहे.
डाग दिसत नाहीत, दुकानदार सांगतो,
आणि खरंच सांगतो.
मावशीचं तेवढं पांढरं.
काका बोटीवर असायचा तेव्हा
धुक्यातून वळताना हीच भिंत धरून यायचा.
काका जाऊन अकरा वर्षं झाली.
ओट्यावर चार डबे आणून ठेवलेत,
झाकणं अजून उघडलेली नाहीत.
शार्ने शिडी घेऊन त्यांना वळसा घालते.

प्रयोगशाळेत नियम असा:
बाहेरचं काही पडलं असेल तर चिमट्यानं उचलावं,
अंगाला चिकटलेली धूळ धुऊन परत बादलीत घ्यावी,
मगच टाकून द्यावं.
एक कणही हिशेबाबाहेर जाऊ नये.

ती पीस धुते. मग पतंग,
आधी एक पंख, मग दुसरा,
पिचकारीच्या बारीक धारेनं.
गाळते, वाळवते, वजन करते.
क्रमांक सात: मर्यादेच्या आत.
सही करते, तारीख घालते.

पतंग तिनं टाकलेला नाही.
गाळणकागदाच्या कडेला तो वाळतो आहे,
आणि तो पांढरा होता.