मोजणी

निपाणीत तंबाखूच्या वखारीला भूत बाहेरून आणावं लागत नाही,
असं म्हणत मालकानं किल्ली दिली
आणि हजार रुपये आगाऊ घेतले.

बारा मिनिटांची फिल्म. चार दिवस. अठरा हजार.
एवढ्यात प्रत्येकाची भीती वेगळी निघाली.

तौसीफला रक्त हवं होतं.
कोकमाच्या आगळात मैदा कालवून त्यानं बादली भरली,
ओळखीच्या खाटकाकडून सुरा आणला.
(दुपारपर्यंत आणून सोड, गिऱ्हाईक असतंय की.)
पण नागेशनं सुरा उगारला की त्याची पँट घसरायची,
आणि मारेकऱ्याच्या आधी मेलेला हसायचा.
संध्याकाळी त्या रक्ताला मुंग्या लागल्या.
मुंग्या ठेवल्या. बाकी सगळा खून कापला.

वैजूचं म्हणणं, हरवलेल्या पोरांचा मोबाईल सापडतो,
आणि त्यात जे निघतं तीच फिल्म.
धापा, अंधार, हलणारा हात.
हात तसाही हलतच होता,
ट्रायपॉडचा एक पाय संकेश्वरच्या एसटीत राहिला होता.

बसूला त्याच्या गावची भानामती हवी होती,
लिंबू, बिब्बा, कणकेची बाहुली.
बाहुली रात्रीत उंदरांनी खाल्ली.
त्या दिवशी बसू खरोखर घाबरला
आणि आमच्याकडे कॅमेरा चालू नव्हता.

मला काहीच न दाखवणारी भीती हवी होती.
उघडं दार. त्यापलीकडे दार.
कुणी येत नाही.
चाळीस मिनिटं कुणी आलं नाही, मग चहावाला आला.
खरं सांगते, रिकाम्या दाराला धीर लागतो
आणि माझ्याकडे बॅटरी एकच होती.

चौथ्या दिवशी सत्तेव्वा आली, तीनशे रुपयांत भूत व्हायला.
एकतीस वर्षं अशाच वखारीत पानांच्या शिरा काढलेली.
पांढरी साडी तिनं परत केली,
म्हणाली, ही लगेच मळते. स्वतःच्याच लुगड्यात बसली.
मग विचारलं,
"भूत कुठल्या भाषेत बोलायचं रे?"

कुणी बोललं नाही.
बाहेरच्या पाटीवर वरची अक्षरं मोठी होती,
खालच्यांवर चुना.
भीतीला एक परका आवाज लागतो,
आणि इथं परकं कोण, हे ठरवायला
बारा मिनिटं पुरली नसती.

"मग मी नुसतं मोजते," ती म्हणाली.
सुट्टीच्या वेळी दारात झडती व्हायची,
आणि मोजून बाहेर सोडायचे, तसं.

ओंदु. एरडु. मूरु.
बोट न हलवता, दाराकडे बघत.
ओंबत्तु. हत्तु.
अकरा. बारा.
बावीस.
थांबली. थोडी वाट पाहिली.
पुन्हा ओंदु.

तिसऱ्यांदा बावीसवर थांबली तेव्हा
बसूनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.
कट म्हणायचं माझ्याकडे होतं.
मी म्हटलं नाही.

नंतर चहा पिताना वैजूनं विचारलं,
दहानंतर भाषा का बदलली?
"बोटं दहा, ती आईची. पुढचं मुकादमाचं."
आणि तेविसावी कोण?
तिनं बशी पुसून ठेवली.
"मोजणारीनं सोताला धरायचं नसतंय."
तीनशे रुपये दोनदा मोजून घेतले, आणि गेली.

आता स्पर्धेचा अर्ज भरतेय.
प्रकार: एकच निवडा.
रक्ताचा, भुताचा, मनाचा, लोककथेचा.
भाषा: एकच निवडा.
दोन्ही रकाने सोडून खाली गेले.
एकूण माणसं किती.
तौसीफ, नागेश, वैजू, बसू, सत्तेव्वा.
पाच लिहिलं.

वैजू मागून वाकून म्हणाला,
एक कमी आहे.

सुरा अजून माझ्याच पिशवीत आहे.
खाटकाचे तीन फोन येऊन गेले.