भोकाचा पैसा

लढाई संपली म्हणून शाळेत पेढा मिळाला, अर्धा.
त्याच महिन्यात आमच्या तांबट आळीत
हंडे मोडीत घालायला आलेल्या बायकांची रांग
भद्रकालीच्या वळणापर्यंत गेली.

नाशिकरोडला नोटा छापत होते रात्रंदिवस
आणि आळीत चूल पेटायची एकदाच, दिवेलागणीला,
रेशनचा जोंधळा किड्यांसकट दळून.
तात्या भांडी तोलायचे, मी नावं वाचून दाखवायचो :
चि. सौ. कां. गोदूस मामांकडून, शके अठराशे चौपन्न.
मग घण.
आधी मामा चेपायचे, मागून गोदू.

पैशालाही मधोमध भोक पाडलं होतं सरकारनं,
तांबं लढाईवर गेलं होतं ना.
धाकटीनं तो करगोट्यात ओवला.

आणि एका दुपारी कचरू पगारे आला, देवळालीहून चालत,
पलटणीतून नाव कमी झालेला,
अंगात खाकी, बटणं काढून घेतलेली.
पायरीखालीच थांबला, सवयीनं.
मग काय आठवलं कुणास ठाऊक, एक पायरी चढला.
पोतडीतून तोफगोळ्याचं पितळी नळकांडं काढलं.
"याचा तांब्या करा.
बसऱ्याला सगळे एका पिंपातलं पाणी प्यायचो.
इथं पुन्हा ओंजळ धरायला लावतात."

तात्या म्हणाले, खाली ठेव.
चिमट्यानं उचललं. भट्टीत लाल होऊ दिलं.
मग बोलले, बहुधा स्वतःशीच :
"विस्तवातून गेलं की धातूला विटाळ नसतो."

"मीही तिथूनच आलोय," कचरू म्हणाला.

भाता थांबला.
तो मीच ओढत होतो.

तीन दिवस ठोक चालली.
शेजारच्या दुकानातून विचारलं, कुणाचं काम?
तात्या म्हणाले, पितळेचं.

नाव घालायचं माझ्याकडे, ठिपक्याठिपक्यांनी.
आमच्या आळीत हे नाव कुणी कधी कोरलं नव्हतं,
म्हणून असेल, 'रू'पाशी छिन्नी आरपार गेली.
तात्यांनी एक कानाखाली दिली,
आणि त्या भोकात कथील ओतलं.

कचरूनं तांब्या भरून उन्हात धरला.
बराच वेळ धरला. गळत नव्हता.
मजुरी नको, असं तात्या मानेनं सांगत होते.
त्यानं तरी भोकाचा पैसा ठेवला उंबऱ्यापाशी,
उंबऱ्याच्या आतल्या बाजूला.

संध्याकाळपर्यंत तो तिथंच होता.
रात्री दिसला नाही.