बादल

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
बंद पडलेल्या छापखान्यामागे
ताडपत्रीचं टोक उचलून
परेरा ओणवा झाला, तसाच राहिला.
"तीनच चाकं आहेत रे."
"चौथं कुणी नेलं असेल," मी म्हटलं.
"नव्हतंच. फायबरची आहे, टिचकी मार."
मारली. बादलीसारखी वाजली.

कर्णिकांनी खिशातून भिंग काढलं,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग: "बादल. बंगलोरची."
लग्नात हरवलेली आत्या सापडावी तसे.

एकोणऐंशीची की ऐंशीची?
दिवे मूळचे, की कुठल्या स्कूटरचे?
पोपटी रंग कंपनीचा, की उन्हानं केलेला?

वॉचमन धावत आला:
"साहेब, दार नका उघडू,
मागच्या सीटवर मांजर व्यालीय."

मग आम्ही हळू आवाजात भांडलो.
एकोणऐंशीच.
परेरा अजून ऐंशी म्हणतो.