मूळपदावर

पुण्याहून पत्रक आलं, सतरा पानांचं.
पहिल्याच ओळीत: आपण मूळपदावर येत आहोत.
एसीच्या थेंबांखाली बादली सरकवत
मी आणि प्रज्वल उईके वाचत उभे.

मेन्यूतून गेलं ते संत्र्याचं फेसाळ काहीतरी,
खास नागपूरसाठी म्हणून बनवलेलं
आणि नागपुरात दुसऱ्यांदा कुणीच न मागितलेलं.
गुलकंदाचं थंड गेलं, वरची चमचमती भुकटी गेली,
तो पडदा गेला, ज्याच्यावर बोट ठेवून
अकरा प्रश्न सोडवले की एक कॉफी मिळायची.

खुर्च्या परत आल्या.
दोन वर्षांपूर्वी मीच त्या टेम्पोत चढवल्या होत्या.
ग्राहक बसला की धंदा बसतो,
असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते.
आताच्या साहेबांचं म्हणणं, ग्राहक बसलाच पाहिजे.
खुर्च्यांना काय,
त्या दोन्ही साहेबांच्या वेळी चार पायांवरच होत्या.

चिनीमातीचे कप आले, जड.
कपाला पुन्हा कान आले,
कुणाचं ऐकायचं ते पत्रकात नव्हतं.

पान नववं: कागदी कपावर ग्राहकाचं नाव हाताने लिहावे.
सोबत मार्कर, नग चार.
प्रज्वलचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण.
"मॅडम, नाव लिहून कॉफी का गोड होते का?"
मी म्हटलं, लिही बाप्पा.

पान चौदावं: तुटलेल्या ग्राहकांची यादी करा.
खाली वीस रिकाम्या ओळी.
मी एकच भरली.

टेंभुर्णे सर. खाणखात्यातून निवृत्त.
रोज अकराला, खिडकीजवळ, साखर वेगळी.
खुर्च्या गेल्या त्या दिवशी कप घेऊन
ते नेहमीच्या जागेपर्यंत गेले
आणि तिथे उभे राहिले,
जिन्याची एक पायरी चुकल्यासारखे.
तक्रार नाही, काही नाही. उभ्यानं संपवली.
दुसऱ्या दिवसापासून समोर भांगेच्या टपरीवर,
कडुनिंबाखाली, उलट्या क्रेटवर.
दोन वर्षं मी त्यांना काचेतून बघते आहे.

शेवटी रस्ता ओलांडून गेले.
"या मॅडम, बसा," त्यांनी दुसरं क्रेट झटकलं.
भांगेकडे एकच चहा. विचारायचं काही नसतंच.
मी म्हटलं, सर, खुर्च्या परत आल्यात.
"अरे वा," ते म्हणाले,
"किती दिवसांसाठी?"

सतरा पानं मी पुन्हा चाळली. उत्तर नव्हतं.

मग पोळा झाला. दुसऱ्या दिवशी
टपरीला फडकं बांधून भांगे मारबत बघायला इतवारीत.
आमच्याकडे शुकशुकाट.
प्रज्वल काउंटर पुसत ओरडत होता,
"कंपनीचे पत्रकं घेऊन जाय गे मारबत!"
आणि दारात टेंभुर्णे सर.

"बसून घेणार, का सोबत नेणार?"
"कागदीच द्या," ते म्हणाले. "पाहू."
प्रज्वलनं नाव लिहिलं.
सरांनी चष्मा काढला, पुसला, वाचलं,
मार्कर मागून घेतला
आणि टें-नंतरचा ब खोडून भ केला,
ण जागेवर आणला,
जुन्या नकाशावरची हद्द दुरुस्त करावी तसा.

मग बसले.
खिडकीजवळ नाही, दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर,
कडेला, गाडीची वेळ झालेल्या माणसासारखे.
एक घोट घेतला.
"कडू आहे," म्हणाले. थोड्या वेळानं, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी भांगे परत आला.
सकाळी अकराला मी काचेकडे पाठ करून
मशीनची जाळी घासत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.
प्रज्वलला म्हटलं, ती दाराजवळची खुर्ची
खिडकीकडे थोडी सरकव.
थोडीच. दिसणार नाही इतकी.

महिन्याच्या अहवालात एक रकाना होता:
परत आलेले ग्राहक, संख्या.
मी तो कोराच पाठवला.